तीरकामठ्याची शिकवण

भोपाळहून इटारसीकडे जाणारी आगगाडी ओबेदुल्लागंजच्या पुढे सरकली की, विंध्याच्या रांगेतील एक डोंगर नजरेत भरतो. त्याच्या माथ्यावर वाळूखडकाचे प्रचंड सुळके उभे आहेत. दुरून पाहणाऱ्यास ते एखाद्या पडक्या किल्ल्याचे बुरूज वाटावेत. १९५७ साली आगगाडीने भोपाळकडे जात असता एका प्रवाशाची दृष्टी या सुळक्यांवर खिळली. तो जवळच्या स्थानकावर उतरला आणि रान तुडवीत डोंगर चढून गेला. हा प्रवासी म्हणजे डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर. जन्म नीमचचा, कर्मभूमी उज्जैन, हाती कुंचला आणि अंगी पुरातत्त्वाचे वेड, असा हा माळव्यातील मराठी माणूस. त्या दिवशी त्यांना जे दिसले, ते आज भीमबेटका या नावाने जगाला ठाऊक आहे.

भीमबेटका म्हणजे भीमाची बैठक. पांडव वनवासात असताना भीम येथे बसत असे, असे आसपासचे लोक सांगतात. या टापूत सातशेंहून अधिक शैलाश्रय आहेत आणि त्यांतील शेकडोंच्या भिंतींवर चित्रे आहेत. १९७० नंतरच्या दशकात येथे रीतसर उत्खनन झाले. एकीकडे स्वतः वाकणकर खणत होते, तर दुसरीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्रा. वीरेंद्रनाथ मिश्र. त्याच संस्थेत पुढे यशोधर मठपाळ यांनी या चित्रांच्या प्रतिकृती काढून त्यांचा तपशीलवार अभ्यास सिद्ध केला. वाकणकरांना १९७५ साली पद्मश्री मिळाली. १९८८ साली ते निवर्तले. २००३ साली युनेस्कोने भीमबेटकाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. एवढा इतिहास आपणांपैकी पुष्कळांच्या परिचयाचा असेल.

आज मला बोलावयाचे आहे ते या भिंतींवरील एका माणसाविषयी. त्याला नाव नाही, चेहरा नाही. गेरूच्या दोनचार रेघांत तो उभा केला आहे. एक पाय पुढे, एक मागे. एक हात ताठ, दुसरा कोपरात दुमडलेला. हाती ताणलेले धनुष्य आणि समोर कोठे हरीण, कोठे गवा, कोठे रानडुक्कर. असे धनुर्धारी भीमबेटकाच्या भिंतींवर कितीतरी आहेत. यांतील जुनी चित्रे मध्याश्मयुगातील, म्हणजे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीपासूनच्या काळातील मानली जातात. त्यांकडे पाहताना मनात एक साधा प्रश्न येतो. या माणसाला धनुष्य धरावयास शिकविले कोणी?

प्रश्न साधा दिसतो, पण तसा तो नाही. उत्खननात दगडाची पाती सापडतात, हाडे सापडतात, राख सापडते. शिकवण मात्र कोणत्याही थरात सापडत नाही. चित्रकाराने शिकार रंगविली, नाच रंगविला, मधाची पोळी काढणारी माणसे रंगविली. परंतु ज्या शेकडो संध्याकाळी एकाने दुसऱ्याचा कोपर हाताने वर उचलून ‘असा धर’ म्हटले असेल, त्या त्याने रंगविल्या नाहीत. आणि तरीही त्या संध्याकाळी झाल्याच असल्या पाहिजेत. कारण धनुष्य ही पाहून उचलावी आणि चालवावी अशी वस्तूच नव्हे.

प्रथम त्या वस्तूचा विचार करू. भीमबेटकाच्या मध्याश्मयुगीन थरांत इंच-अर्ध्या इंचाची नाजूक दगडी पाती विपुल मिळाली आहेत. पुरातत्त्वज्ञ त्यांना सूक्ष्मास्त्रे म्हणतात. नर्मदेकाठी होशंगाबादजवळ, ज्यास आता नर्मदापुरम म्हणतात, आदमगडच्या टेकडीवर रा. वि. जोशी आणि म. द. खरे यांनी १९६०–६१ साली उत्खनन केले. तेथेही अशी पाती हजारोंनी निघाली. त्यांच्याबरोबर रानटी आणि पाळीव अशा दोन्ही प्रकारच्या जनावरांची हाडे मिळाली. एकटे पाते निरुपयोगी. ते काडीच्या टोकाला आणि कडेला खाचेत बसवून झाडाच्या डिंकाने वा राळेने घट्ट करावयाचे, म्हणजे त्याचा बाण होतो. भीमबेटकाच्या चित्रांत काटेरी बाण दिसतात, ते असेच घडविलेले असावेत. काडी कुजली, राळ विरली, धनुष्याची तर धूळ झाली. उरले ते केवळ दगड. डेन्मार्कमधील होल्मगार्डच्या दलदलीत मात्र १९४४ साली एल्म वृक्षाच्या लाकडाची धनुष्ये मिळाली, ती सुमारे नऊ हजार वर्षांची आहेत. आपल्या उन्हापावसाच्या देशात असा योग येणे कठीण. आपल्या शेजारच्या श्रीलंकेत फा-हिएन गुहेत हाडाची लहान टोके मिळाली असून ती सुमारे अठ्ठेचाळीस हजार वर्षांपूर्वीच्या बाणांची असावीत, असे संशोधकांनी २०२० साली मांडले. धनुष्य इतके जुने आहे. नांगराहून जुने, चाकाहून जुने, कुंभाराच्या मडक्याहूनही जुने.

वस्तू नाहीशी झाली, तरी तिची एक जात आपल्या डोळ्यांदेखत टिकून राहिली आहे. झाबुआ, अलीराजपूर, धुळे, नंदुरबार या भागांतील भिल्लांचा तीरकामठा आपण पाहिला असेल. भगोरियाच्या बाजारात आजही तो मिरविला जातो. पक्क्या बांबूची चीप काढून, तासून, विस्तवावर शेकून कामठा करतात. त्याची दोरीही बहुधा बांबूच्या सालीचीच. ना तात, ना सूत. ज्या बेटाचा दंड, त्याच बेटाची दोरी. बाणाची काडी हलकी, तिच्या शेपटाशी पिसे बांधलेली, आणि टोकास लोखंडी पाते. पाखरांसाठी पाते लावीत नाहीत. तेथे बोथट टोकच पुरे होते. येथे एक सावधगिरी मात्र पाळली पाहिजे. आजचा भिल्ल म्हणजे भीमबेटकाचा आदिमानव, असे समजणे ही मोठी चूक होईल. त्याच्या मागेही तितकीच शतके आहेत, जितकी आपल्या मागे आहेत. त्याने लोखंड पाहिले, राज्ये पाहिली, शेती केली, कर भरले. त्याच्या हातातील कामठा आपणांस भूतकाळ दाखवीत नाही. बांबू, दोरी आणि माणसाचे शरीर यांचे नियम काय आहेत, एवढेच तो दाखवितो. मात्र ते नियम दहा हजार वर्षांत बदललेले नाहीत.

त्या नियमांवरून शिकवणीचा अंदाज बांधता येतो. समजा, दोन मित्र आहेत. एकास धनुष्य येते, दुसरा नवखा आहे. जाणता प्रथम काय करील? तो आपले धनुष्य त्याच्या हाती देणार नाही. ते फार ताठ असते. नवखा ते जोर लावून ओढील, त्याचा हात थरथरेल, आणि त्या थरथरीची सवय लागेल. म्हणून तो हलके धनुष्य देईल. लक्ष्यही दूर ठेवणार नाही. पाचदहा पावलांवर मातीचा ढिगारा, एवढे पुष्कळ झाले. नेम धरावयाचाच नाही. उभे राहावयाचे ते लक्ष्यास खांदा देऊन, पावले खांद्याएवढी फाकवून. धनुष्य मुठीत आवळावयाचे नाही, तळव्यावर तोलावयाचे. दोरी ओढावयाची ती दंडाच्या बळावर नव्हे. पाठीची दोन पाती एकमेकींकडे सरकली पाहिजेत. आणि ओढलेला हात दर वेळी चेहऱ्यावर एकाच ठिकाणी टेकला पाहिजे, हनुवटीशी म्हणा वा ओठांच्या कोपऱ्याशी. बंदुकीस मागे एक माशी असते आणि पुढे एक. तीरकामठ्याची मागची माशी म्हणजे तिरंदाजाचा स्वतःचा जबडा. तो बोटभर हलला, तर बाण हातभर चुकतो.

यानंतर सोडण्याची वेळ. येथे प्रत्येक नवखा एकच चूक करतो. बाण सुटला, तो कोठे गेला हे पाहण्यासाठी तो धनुष्य खाली करतो आणि मान उंचावतो. ही घाई बाण दोरीवर असतानाच होते व बाण भरकटतो. जाणता मित्र म्हणेल, ‘लागेपर्यंत हलू नकोस.’ दोरी सोडावयाची नसते, ती सुटू द्यावयाची असते. हे वाक्य ऐकून कळत नाही. शंभर वेळा चुकल्यावर, एखाद्या वेळी बाण आपोआप गेल्यासारखा जातो, तेव्हा ते कळते. त्या क्षणी शेजारी कोणी उभे असावे लागते. ‘हाच तो, आता पुन्हा असाच’ असे म्हणणारे. धनुर्विद्येत गुरू लागतो तो एवढ्यासाठीच. आपण केव्हा बरोबर केले, हे शिकणाऱ्यास स्वतःला समजत नाही.

परंतु येथपर्यंत झाली ती तिरंदाजी. शिकार अद्याप दूरच आहे. आपल्या पुराणांत या दोहोंतील भेद सांगणाऱ्या दोन कथा आहेत. पहिली अर्जुनाची. द्रोणांनी झाडावर पक्षी ठेवला. अर्जुनास झाड दिसले नाही, फांदी दिसली नाही, दिसला तो केवळ पक्ष्याचा अवयव. आपण लहानपणापासून ही एकाग्रतेची कथा म्हणून ऐकतो. पण तो पक्षी खोटा होता, हे विसरतो. रानात ज्याला केवळ डोळा दिसतो, तो चांगला शिकारी नव्हे. शिकाऱ्यास वारा कोणीकडून येतो हे कळावे लागते. जनावराच्या मागे काय आहे, बाजूस पाडस आहे काय, मधली काटकी बाण फिरविणार काय, हे सारे दिसावे लागते. दुसरी कथा दशरथाची. शरयूच्या काठी अंधारात घागर बुडबुडली. राजाला तो पाणी पिणाऱ्या हत्तीचा आवाज वाटला. शब्दवेधी विद्येचा त्यास अभिमान होता. बाण सुटला आणि श्रावणबाळ पडला. आपल्या वाङ्मयातील हा शिकारीचा एक जुना अपघात होय. त्यात नेम चुकला नव्हता. नेम अचूक होता. चुकला तो न पाहिल्यावर बाण सोडण्याचा निर्णय. शिकार शिकविणाऱ्याने पहिल्या दिवशी सांगावयाचे आणि शेवटच्या दिवशीही सांगावयाचे वाक्य हेच : जे डोळ्यांनी ओळखले नाही, त्यावर दोरी ताणू नकोस.

बाणाची शिकार बंदुकीच्या शिकारीहून वेगळी आहे, याचेही कारण समजून घ्यावे. गोळीचा धक्काच मोठा असतो. बाणाला तसा धक्का नाही, तो कापतो. जनावर रक्तस्रावाने पडते, आणि तेही काही अंतर पळून. म्हणून बाण मर्मावरच लागला पाहिजे, व त्यासाठी शिकाऱ्याने वीसतीस पावलांवर पोहोचले पाहिजे. इतक्या जवळ जाणे ही खरी विद्या. पाते लागल्यावर लगेच मागे धावावयाचे नाही. थांबावयाचे, मग रक्ताचा माग काढावयाचा. जखमी जनावर रानात सोडून परत येणे यासारखी नामुष्की नाही. या सर्वांचा अर्थ असा की, शिकवणीचा बराच मोठा भाग न सोडलेल्या बाणांचा असतो. भीमबेटकाच्या भिंतीवर सुटलेले बाण दिसतात. न सोडलेले कोण रंगविणार?

आता या इतिहासातील अवघड भागाकडे वळू. शिकविणारा आणि शिकणारा यांच्यात केवळ प्रेमच असते असे नाही. एकलव्याची कथा आपणांस ठाऊक आहे. निषादपुत्र म्हणून त्यास शिकविले गेले नाही. तो मातीच्या मूर्तीपुढे स्वतः शिकला. आणि मग न दिलेल्या विद्येची दक्षिणा म्हणून उजव्या हाताचा अंगठा त्याच्याकडून मागून घेतला गेला. महाभारतात यापुढे एक बारीक तपशील आहे, तो सहसा सांगितला जात नाही. अंगठा गेल्यावर एकलव्य बोटांनी बाण ओढू लागला, पण पूर्वीची चपळाई राहिली नाही, असे तेथे म्हटले आहे. भिल्ल एकलव्यास आपला पूर्वज मानतात आणि त्याच्या स्मरणार्थ बाण सोडताना अंगठा वापरीत नाहीत, अशी समजूत सांगितली जाते.

एडवर्ड मोर्स या अमेरिकन संशोधकाने १८८५ साली निरनिराळ्या देशांतील बाण सोडण्याच्या रीतींची वर्गवारी केली. त्यात अंगठ्याने दोरी ओढण्याची रीत आशियातील घोडेस्वारांकडे विशेष आढळते. त्यासाठी अंगठ्यात दगडाची वा हाडाची अंगठी घालीत. मोगल बादशहांच्या रत्नजडित अंगठ्या संग्रहालयांत आहेत. साध्या लाकडी वा बांबूच्या लांब धनुष्यास मात्र बोटांनी ओढणे सोयीचे. तेव्हा भिल्ल बोटे वापरतो यास कामठ्याचा घाट हे पुरेसे कारण आहे. पण लोकांनी ते कारण घेतले नाही. त्यांनी एकलव्य घेतला. अन्याय विसरू नये म्हणून त्यांनी तो हाताच्या सवयीतच ठेवला. इतिहास लिहिण्याची ही देखील एक रीत आहे.

दुसरे उदाहरण आपल्या खानदेशातील. १८२५ साली जेम्स आउट्रम हा बावीस वर्षांचा इंग्रज अधिकारी खानदेशात आला. सातपुड्याच्या पायथ्याचे भिल्ल कंपनी सरकारास जुमानीत नव्हते. फौजेने ते काबूत येईनात. तेव्हा आउट्रमने निराळा मार्ग धरला. तो त्यांच्यात जाऊन बसू लागला, त्यांच्या गोष्टी ऐकू लागला, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीस जाऊ लागला. रानातील माग, पाणवठे, घाट त्याने त्यांच्याकडून जाणून घेतले. या मैत्रीच्या बळावर त्याने भिल्ल पलटण उभी केली. तिचे ठाणे धरणगाव येथे होते. म्हणजे येथे शिकणारा परका होता आणि शिकविणारे भिल्ल होते. पण विद्येच्या बदल्यात त्याने त्यांच्या हाती काय दिले? कवायत आणि बंदूक. त्याच सातपुड्यात १८५७–५८ साली खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांनी कंपनीविरुद्ध शस्त्र उचलले, तेव्हा तीरकामठ्याचा काळ संपत आल्याचे स्पष्ट झाले. मैत्री खोटी होती असे म्हणवत नाही. परंतु ती कोणाच्या उपयोगी पडली, हे इतिहासाने विचारावयास हवे.

तिसरे उदाहरण दूर अमेरिकेचे, आणि मला सर्वांत हृदयस्पर्शी वाटणारे. २९ ऑगस्ट १९११ रोजी कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाजवळ एक उपाशी, एकाकी माणूस सापडला. तो याही जमातीचा शेवटचा माणूस होता. त्याची सारी जमात गोऱ्या वसाहतवाल्यांच्या कत्तलींत, रोगांत आणि उपासमारीत संपली होती. त्याने आपले नाव कधीच सांगितले नाही. त्याच्या लोकांत आपले नाव आपणच सांगण्याची रीत नव्हती आणि सांगावयास दुसरे कोणी उरले नव्हते. म्हणून मानववंशशास्त्रज्ञ क्रोबर यांनी त्यास ‘इशी’ म्हटले. त्याच्या भाषेत इशी म्हणजे माणूस. तो सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात राहू लागला. संग्रहालयाशेजारीच विद्यापीठाचे रुग्णालय होते. तेथील शस्त्रवैद्य डॉ. सॅक्स्टन पोप याची आणि इशीची १९१२ साली गाठ पडली. पोप इशीचा वैद्य झाला, आणि इशी पोपचा गुरू.

इशीने त्यास धनुष्य घडविणे, बाण सरळ करणे, दगडाची व बाटलीच्या काचेचीही पाती काढणे शिकविले. दूरच्या निशाणावर इशीचा नेम फारसा नसे, असे पोपने नोंदविले आहे; पण रानात तो सावजापर्यंत पोहोचे. बोटे ओठांशी नेऊन तो सशाच्या आर्त किंकाळीसारखा आवाज काढी आणि ससे जवळ येत. शिकारीपूर्वी तो मासे खात नसे, तंबाखू ओढीत नसे. त्याची बाण सोडण्याची रीत अंगठ्याची होती. पोपला ती साधली नाही; त्याने अखेर इंग्रजी पद्धतीने बोटे वापरली. म्हणजे शिष्याने गुरूचे सर्वस्व उचलले नाही, जे साधले तेवढे घेतले. १९१४ साली इशीच्या जन्मभूमीत, डिअर क्रीकच्या खोऱ्यात, दोघे मित्र बरोबर हिंडले. २५ मार्च १९१६ रोजी इशी क्षयाने वारला.

पोपने १९२३ साली धनुष्याने करावयाच्या शिकारीवर पुस्तक लिहिले. अमेरिकेत या छंदाचे जे पुनरुज्जीवन झाले, त्याच्या मुळाशी हे पुस्तक आहे. एका जमातीची पोटासाठीची विद्या, ती जमात नष्ट झाल्यावर, नष्ट करणाऱ्यांच्या वंशजांचा खेळ झाली. पोप स्वतः पुढे अस्वलांच्या आणि आफ्रिकेत सिंहांच्या शिकारीस धनुष्य घेऊन गेला. इशीस तेवढ्या शिकारीची कधी गरज पडली नसती. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. क्रोबर यांचा विरोध असताना इशीच्या देहाचे विच्छेदन झाले आणि त्याचा मेंदू वॉशिंग्टनच्या संग्रहालयाकडे धाडण्यात आला. तो इशीच्या आप्तजमातींस २००० साली परत मिळाला. मित्र म्हणविणाऱ्यांच्या भोवतीही असे घडते. तरी पण हेही खरे की, इशीने शिकविले नसते, तर याही लोकांचा हात कसा वळे, हे आज जगात कोणास ठाऊक नसते. अखेरच्या माणसाने आपली विद्या परक्याच्या हाती दिली. त्याने ती रागाने पुरून टाकली नाही. यात किती मोठे औदार्य आहे!

आता पुन्हा भोपाळकडे येऊ. भोपाळ संस्थानात शिकारीस मोठी प्रतिष्ठा होती. नवाब हमीदुल्ला खान यांच्या काळापर्यंत चिकलोदच्या रानात हाके होत, मचाणे बांधली जात. पण ती शिकार रायफलीची होती. तिकडे ब्रिटिश मुलखात १८७८च्या वनकायद्याने राखीव जंगलातील शिकार नियमांच्या कक्षेत आणली. पोटासाठी बाण मारणारा गुन्हेगार ठरू लागला, आणि परवाना काढून वाघ मारणारा साहेब शौकीन ठरला. स्वातंत्र्यानंतर १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९९१च्या दुरुस्तीने शिकारीचे उरलेसुरले दरवाजे जवळजवळ बंद झाले. हे योग्यच झाले. रानातील जनावरे इतकी घटली होती की, दुसरा मार्गच नव्हता. ती घटली प्रामुख्याने बंदुकीने, कुऱ्हाडीने आणि नांगराने. बांबूच्या कामठ्याने नव्हे. परंतु बंदी सर्वांस सारखी लागू झाली. ज्या रानात भीमबेटकाचे खडक आहेत, त्या रातापानीच्या अभयारण्यास २०२४ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि त्यास वाकणकरांचे नाव देण्याचे शासनाने जाहीर केले. भिंतीवर धनुर्धारी आहे, आणि भिंतीबाहेर वाघ निर्भय आहे. ही संगती मला विसंगत वाटत नाही.

मग ती विद्या? भोपाळच्या श्यामला टेकडीवर इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय आहे. त्याच्या आवारातही प्राचीन चित्रे असलेले शैलाश्रय आहेत. जवळच २०१३ साली उघडलेले जनजातीय संग्रहालय आहे. या जागा अवश्य पाहाव्यात. पण काचेमागील कामठा पाहताना हे विसरू नये की, तेथे आपण अर्धीच वस्तू पाहतो. उरलेला अर्धा भाग कोणाच्या तरी पाठीत, बोटांत आणि जबड्यात असतो, आणि तो माणूस गेला की जातो. मैदानावर मात्र ती विद्या वेगळ्या रूपाने जिवंत आहे. राजस्थानच्या आदिवासी भागातील लिंबाराम बांबूच्या कामठ्यावर शिकला आणि १९९२ साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत त्याने जागतिक विक्रमाची बरोबरी केली. २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये जन्मतः दोन्ही हात नसलेली शीतल देवी पायाने धनुष्य धरून आणि खांद्याजबड्याने दोरी ओढून, जोडीदार राकेशकुमारसह कांस्यपदक जिंकून आली. एकलव्याचा अंगठा घेणाऱ्यांस वाटले असेल की, विद्या अंगठ्यात असते. ती तेथे नसते, हे एका मुलीने दाखवून दिले. आणि तिच्याही शेजारी, ‘हाच तो, आता पुन्हा असाच’ असे म्हणणारे कोणी उभे होते.

आदिवासी पाड्यांतील जाणती माणसे अजून आहेत. कामठ्यास कोणता बांबू, तो केव्हा तोडावा, विस्तवावर किती धरावा, हे त्यांना ठाऊक आहे. सावजाचा माग ओळखणारी त्यांची नजर शिकारीसाठी नको असेल, तर वनरक्षणासाठी हवी आहे. हे सारे शिकून घेण्यास आपण त्यांच्याकडे गेलो, तर कसे जावे? द्रोणासारखे अंगठा मागावयास नव्हे, आउट्रमसारखे मुलूख मिळवावयास नव्हे. नवखा मित्र म्हणून जावे, हलका कामठा हाती घ्यावा, पाचदहा पावलांवरच्या मातीच्या ढिगाऱ्यासमोर उभे राहावे, आणि कोपर किती उंच धरावा हे विचारावे.

भीमबेटकाच्या भिंतीवरचा तो माणूस एकटा दिसतो. पण तो एकटा नाही. त्याच्या मागे, चित्राच्या चौकटीबाहेर, कोणीतरी उभे आहे, ज्याने त्याचा कोपर कधीकाळी वर उचलला होता. दहा हजार वर्षे झाली, तरी तो कोपर बरोबर आहे.